माल इंग्लंडात ठेवावा की नेदरलँड्समध्ये? ब्रेक्झिटनंतरचा एक छोटा हिशेब

शिवलेल्या नऊवारी, मुलांचे कुर्ते, धोतर-उपरणी असा माल पुण्याहून आणून ब्रिटनमध्ये आणि युरोपात विकणाऱ्यांना 2021 पूर्वी हा प्रश्न पडतच नसे. फेलिक्स्टो बंदरात खोकी उतरायची आणि तिथून लंडन काय नि म्युनिक काय, कुरिअरचं भाडं सोडलं तर सारखंच. मी दोन्ही करून पाहिलंय. सध्या युरोपचा माल नेदरलँड्समधल्या भाड्याच्या गोदामात असतो आणि ब्रिटनचा इंग्लंडात. माझा कल कुठे आहे हे त्यावरून कळेलच, पण इंग्लंडची बाजू अगदीच लंगडी नाही.

आधी ब्रेक्झिटनंतरच्या व्यापार कराराबद्दल, कारण तिथेच बऱ्याच जणांचा समज चुकतो. 24 डिसेंबर 2020 ला, मुदत संपायला आठवडा उरला असताना, ब्रिटन आणि युरोपीय युनियनचं एकदाचं जमलं. शेवटी घोडं अडलं होतं मासेमारीवर. ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत जिचा वाटा एक टक्काही नाही! बातम्यांत ‘शून्य जकात’ असं आलं. ती सवलत आहे ब्रिटनमध्ये किंवा युनियनमध्ये तयार झालेल्या मालाला. पुण्यात शिवलेल्या कुर्त्याला इंग्लंडात नवी पिशवी घातली, नवं लेबल लावलं, तरी युनियनच्या लेखी तो भारतीयच. म्हणजे ब्रिटनमध्ये येताना एकदा जकात, युरोपात जाताना पुन्हा. युनियनचा तयार कपड्यांवरचा सर्वसाधारण दर 12 टक्क्यांपर्यंत जातो. जुलै 2025 मध्ये भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या तेव्हा धंद्यातले काही जण खूश होते. पण त्या कराराचा संबंध पहिल्या जकातीशी. दुसरी तशीच राहते.

आता इंग्लंडच्या बाजूने. 150 युरोपर्यंतच्या पार्सलला युनियनमध्ये जकात नाही, फक्त व्हॅट, ही सवलत इतकी वर्षं होती. एकेक कुर्ता पाठवणाऱ्याला ती फार सोयीची. युरोपातला एक मध्यस्थ नेमून व्हॅट विक्रीच्या वेळीच घेता येतो, म्हणजे गिऱ्हाइकाच्या दारात कुरिअरवाला पैसे मागत नाही. शिवाय माल डोळ्यांसमोर असतो. मात्र ही सूट काढून टाकायचं युनियनने ठरवलंय, तेव्हा पुढचा हिशेब तिच्या भरवशावर मांडू नये.

माझं मत फिरलं ते जकातीमुळे नाही, परत येणाऱ्या मालामुळे. कपड्यांच्या धंद्यात माप चुकणारच, त्यातून लहान मुलांचे कपडे. म्युनिकच्या ताईंना सहा वर्षांच्या मुलाचा कुर्ता आखूड झाला, त्यांनी तो परत पाठवला. फॉर्मवर त्यांनी प्रामाणिकपणे पूर्ण किंमत लिहिली आणि ‘परत’ असं कुठेच लिहिलं नाही. इंग्लंडात तो नवा आयात माल ठरला: लहान मुलांच्या कपड्यांवर ब्रिटनमध्ये व्हॅट शून्य असतो, पण कुरिअरचं हाताळणी शुल्क पडलंच; मोठ्यांच्या कुर्त्यावर 20 टक्के व्हॅटही लागतो. आपलाच माल परत आलाय म्हणून सूट मिळते, तीन वर्षांपर्यंत. पण त्यासाठी तो इथूनच गेला होता आणि त्यात काही बदल केलेला नाही हे दाखवणारे कागद हवेत. एका कुर्त्यासाठी हे कोण करत बसणार? शेवटी मी लोकांना सांगू लागलो, कुर्ता राहू द्या तुमच्याकडेच, पैसे परत करतो. गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत असं औदार्य फार महाग पडतं.

नेदरलँड्सच्या गोदामात हा प्रकारच नाही. न्हावा शेवाहून माल थेट रॉटरडॅमला जातो, जकात एकदाच. म्युनिकहून परत आलेला कुर्ता साध्या देशांतर्गत पार्सलसारखा येतो आणि दोन दिवसांत व्हिएन्नाला निघतो. आयातीच्या वेळचा व्हॅटही तिथे रोख भरावा लागत नाही, तो नंतर विवरणपत्रात दाखवता येतो. मात्र बाहेरच्या कंपनीला त्यासाठी स्थानिक कर-प्रतिनिधी नेमावा लागतो, आणि तो फी तर घेतोच, वर बँक हमीही मागतो. लहान धंद्याला हे टोचतं.

दुसरा त्रास म्हणजे माल दोन ठिकाणी विभागला जातो. लंडनला 38 मापाची नऊवारी हवी असते नेमकी तेव्हा ती हॉलंडात पडलेली असते. आणि नऊवारीची घडी! गोदामातली मंडळी कामाला चोख आहेत, पण शिवलेल्या काष्ट्याच्या निऱ्या त्यांना टी-शर्टसारख्या दुमडायच्या असतात. मी फोटो पाठवले, व्हिडिओही पाठवला. आता बरंच सुधारलंय, तरी परत आलेली नऊवारी पुन्हा विकण्याआधी मी घडीचा फोटो मागवतोच.

जर्मनीत पुठ्ठ्याच्या वेष्टनाची नोंदणी आणि डिसेंबर 2024 पासून युनियनमध्ये मालाच्या सुरक्षिततेसाठी एक जबाबदार व्यक्ती दाखवण्याची अट, ही दोन्ही झंझटं माल कुठेही ठेवा, आहेतच. त्यांच्यावरून निर्णय घेऊ नका.

तुमचा माल समया, ताम्हणं, पूजेची भांडी असा असेल, तर तो सहसा परत येत नाही. इंग्लंडातूनच पाठवत राहिलात तरी माझ्या मते बिघडत नाही. युरोपातल्या ऑर्डरी तुरळक असतील तरी तेच. कपडे असतील आणि युरोपातली विक्री ब्रिटनच्या निम्म्याच्या आसपास आली असेल, तर मी तरी पलीकडे जागा घेईन. फक्त कर-प्रतिनिधीची बोलणी मार्च-एप्रिलमध्येच सुरू करा. बँक हमीचे कागद व्हायला वाटतो त्याहून जास्त वेळ लागतो, आणि गणपतीचा माल जूनच्या अखेरीस बोटीवर चढलेला हवा.