खाजणाच्या कामासाठी भाड्याची ऑटो लेव्हल: वडोदऱ्याहून नेण्याआधी वाचा

वडोदऱ्यात सर्व्हेची उपकरणं भाड्याने देणाऱ्या दुकानांत ३२ पटीची ऑटो लेव्हल (जमिनीच्या उंचीतला फरक मोजायची दुर्बीण), अ‍ॅल्युमिनियमचा ट्रायपॉड आणि पाच मीटरचा स्टाफ (आकडे लिहिलेली उभी मोजपट्टी) असा संच मिळतो. जंबुसरच्या किनाऱ्याला जुना मातीचा बांध फुटून मागच्या जमिनीत भरतीचं पाणी पुन्हा खेळू लागलं असेल आणि तिथे खाजण (भरतीच्या पाण्यातली खारट दलदल) परत उभं करायचं असेल, तर हा संच पुरेसा आहे. लेव्हल उत्तम काम देते. ट्रायपॉड आणि स्टाफ मात्र पक्क्या जमिनीसाठी बनवलेले असतात, आणि चिखलात सगळी गडबड तिथेच होते.

बांध गेल्यावर पहिला खर्च रोपांवर करू नये, लेव्हलिंगवर, म्हणजे जमिनीची उंची मोजण्यावर करावा, असं आमचं ठाम मत आहे. वर्षानुवर्षं भरती अडवलेली जमीन खचते. चिखल वाळून आकसतो, त्यातला सेंद्रिय भाग हवेने जळून जातो आणि नवा गाळ येणं बंद झालेलं असतं. बाहेरची जमीन मात्र गाळाने चढत राहते. म्हणून बांध फुटल्यावर आतला भाग ताटासारखा खोल निघतो, पाणी निचरत नाही आणि लावलेलं तिवर (खारफुटीचं झाड) मुळाशी कुजतं. अमेरिकेत केप कॉडच्या हेरिंग नदीवर १९०९ मध्ये बांध घातला, तेव्हा मागचं खाजण असंच खचलं. शिवाय उघड्या पडलेल्या चिखलातल्या गंधकाचं आम्ल होऊन पाण्यात उतरलं आणि मासे मेले. इंग्लंडात टोल्सबरीला १९९५ मध्ये समुद्राचा बांध मुद्दाम फोडला. तिथे खोलगट भागात आधी गाळच साठत राहिला आणि झाडोरा जमिनीची उंची जुळली तिथेच धरला.

आपल्याकडे उंचीतला दहा-पंधरा सेंटिमीटरचा फरकही झाडं बदलतो. तिवर, ज्याला इथे चेर म्हणतात, ते रोजच्या भरतीच्या पट्ट्यात येतं. सुएडा, सॅलिकॉर्निया ही खाऱ्या जमिनीतली झुडपं आणि एल्युरोपस गवत त्याच्या वर, जिथे फक्त उधाणाचं, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचं पाणी पोचतं तिथे. एवढा बारीक फरक डोळ्यांना दिसत नाही.

दुकानातच दोन तपासण्या करा. पहिली कॉम्पेन्सेटरची, म्हणजे नजर आपोआप आडवी ठेवणाऱ्या आतल्या झुलत्या भागाची: ट्रायपॉडच्या पायाला बोटाने हलकी टिचकी मारा. दुर्बिणीतली आडवी तार थरथरून पुन्हा त्याच रीडिंगवर यायला हवी. अडकली तर ती लेव्हल घेऊ नका. दुसरी दोन खुंट्यांची: खुंट्या ५० मीटर अंतरावर ठोका, लेव्हल बरोबर मध्ये लावून दोन्हींच्या उंचीतला फरक काढा. मग लेव्हल एका खुंटीपासून तीन मीटरवर नेऊन तोच फरक पुन्हा काढा. दोन उत्तरांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त तफावत असेल तर समोर दुरुस्त करून मागा. पादरा-जंबुसर रस्त्याने जीपमधून नेल्यावर हीच चाचणी किनाऱ्यावर परत करा, कारण धक्क्यांनी तार सरकते. पेटी मांडीवर घेऊन बसलेलं बरं. तरीही थोडी चूक उरली, तर लेव्हलपासून मागच्या आणि पुढच्या स्टाफचं अंतर सारखं ठेवलं की ती आपोआप कटते. दुर्बिणीतल्या वरच्या आणि खालच्या छोट्या तारेच्या रीडिंगमधला फरक गुणिले १०० म्हणजे अंतर, त्यामुळे टेप लागत नाही.

ट्रायपॉडचे पाय खाजणात हळूहळू रुततात आणि दोन रीडिंगच्या मध्येच लेव्हल खाली बसते. प्रत्येक पायाखाली मीटरभर लांब बांबूची खुंटी ठोकून तिच्या डोक्यावर पाय टेकवा, आणि निरीक्षकाने भोवती फिरू नये. टर्निंग पॉइंटला, म्हणजे लेव्हल पुढे हलवताना स्टाफ जिथे तसाच ठेवतात तिथे, स्टाफखाली सुमारे २० सेंटिमीटरची चौकोनी लोखंडी प्लेट ठेवा. भाड्याच्या संचात ती नसते.

स्टाफ शक्यतो स्वतःचा विकत घ्या. भाड्याच्या स्टाफच्या जोडांत गाळ बसलेला असतो, खटका पूर्ण लागत नाही आणि त्या जोडाच्या वरचं प्रत्येक रीडिंग चुकतं. स्टाफ सरळ उभा आहे का ते दाखवणारा बुडबुडाही बहुतेकदा गायब. मग स्टाफ पुढे-मागे डोलवून सर्वांत कमी दिसणारं रीडिंग घ्यायचं. दुपारी खारपट जमिनीवर हवा नाचते, तेव्हा ३० मीटरच्या पुढे बघू नका आणि स्टाफच्या तळच्या अर्ध्या मीटरवर रीडिंग घेऊ नका.

जमिनीची रीडिंगं २० मीटरच्या जाळीवर, सेंटिमीटरपर्यंत पुरतात. टर्निंग पॉइंट मात्र मिलिमीटरमध्ये. फेरी जिथून सुरू केली तिथेच बंद करा. १२ गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ एवढे मिलिमीटर चूक चालते, म्हणजे दोन किलोमीटरला साधारण १७. जास्त आली तर फेरी परत.

बेंचमार्कबाबत (उंची माहीत असलेली पक्की खूण) एक गोष्ट फार जणांना नडते. सर्व्हे ऑफ इंडियाची उंची सरासरी समुद्रपातळीपासून असते, भरतीच्या तक्त्यातली चार्ट डेटमपासून, म्हणजे ओहोटीच्या सर्वांत खालच्या पातळीच्या आसपास धरलेल्या शून्यापासून. खंभातच्या आखातात माथ्याकडे मोठ्या उधाणाला पाणी १० मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, त्यामुळे या दोन शून्यांत काही मीटरचं अंतर असतं. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात मिसळले की सगळी लागवड चुकीच्या पट्ट्यात जाते. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे जागेवरच रंगवलेले दांडे रोवून त्यांच्या डोक्यांची उंची लेव्हलने काढून घ्यायची, आणि अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत भरतीच्या आसपास दर दहा मिनिटांनी पाणी वाचायचं. कोकणातला तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायचा हिशेब इथे लावू नका, भरती आखाताच्या माथ्याशी बरीच उशिरा पोचते.

आरटीके जीएनएसएस (उपग्रहांवरून जागा आणि उंची काढणारं उपकरण) भाड्याने घ्यावं का? शंभर हेक्टर असेल तर जरूर, वेळ खूप वाचतो. पण त्याची उभी अचूकता दोन-तीन सेंटिमीटर, आणि ते देतं ती उंची लंबगोलापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची. आपल्या भागात ती समुद्रपातळीच्या उंचीपेक्षा ५० मीटरहून अधिक वेगळी येते. जिऑइडची (समुद्रपातळीशी जुळणाऱ्या पृष्ठाची) दुरुस्ती लावली का, हे ऑपरेटरला विचारून लिहून घ्या. छोट्या जागेला, आणि फुटलेल्या तोंडापासून जुन्या खाडीच्या वाटेने चर खणताना उतार तपासायला, ऑटो लेव्हलच बरी.

भाडं दिवसावर असतं, म्हणून लेव्हल भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत घ्या. तेव्हा वरचं खाजण सलग कोरडं मिळतं. उधाणाला फक्त दांडे वाचायचे असतात, त्याला उपकरण लागत नाही. परत करण्याआधी ट्रायपॉडचे स्क्रू आणि स्टाफचे जोड गोड्या पाण्याने धुऊन पुसा, नाहीतर मिठाने ते जाम होतात आणि अनामत अडकते. बांबूच्या खुंट्या मात्र काढू नका. पावसाळ्यानंतर त्याच खुंट्यांजवळ पुन्हा रीडिंग घेतल्यावर गाळ किती चढला ते कळेल, आणि कुठल्या पट्ट्यात तिवर लावायचं, कुठे अजून थांबायचं, हे तेव्हाच ठरवता येईल.