लिनक्स कर्नलची मेमरी आकडेवारी: मेमइन्फो, व्हीएमस्टॅट आणि पीएसआय वापरून काय वाटलं

मेमरी किती उरली ते दाखवणारी फ्री कमांड मारायची, फ्री कॉलममध्ये जेमतेम काहीशे एमबी दिसले की घाबरून रॅम वाढवा म्हणून तिकीट टाकायचं, हा प्रकार अजूनही जोरात चालू आहे म्हणून आधी तेच सांगतो. रिकामी रॅम लिनक्सला बघवतच नाही, उरलीसुरली सगळी तो फाइलींच्या पेज कॅशला (डिस्कवरच्या फाइलींची रॅममधली प्रत) लावतो आणि कोणी मागितली की काढून देतो. बघायचं ते अव्हेलेबल, म्हणजे मागितली तर किती मिळू शकेल. हा आकडा 2014 मध्ये कर्नल 3.14 बरोबर मेमइन्फोत (कर्नल स्वतःची माहिती मांडतो त्या प्रोक फोल्डरमधली मेमरीची फाइल) आला, त्याआधी लोक फ्री अधिक बफर्स अधिक कॅश्ड अशी बेरीज मारायचे आणि फसायचे, कारण कॅश्डमध्ये टीएमपीएफएस (रॅममध्येच राहणाऱ्या फाइली) आणि शेअर्ड मेमरी पण धरलेली असते, जी स्वॅप (रॅममधलं डिस्कवर सरकवायची जागा) नसेल तर सोडताच येत नाही.

मेमइन्फो तसं बरंय, पण सगळ्या ओळींची बेरीज टोटलशी जुळवायला बसू नका, काही ड्रायव्हर थेट पेजेस (मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे, म्हणजे पानं) उचलतात आणि त्यांचा वेगळा रकानाच नाही. प्रत्येक प्रोसेसचा आरएसएस (तिची रॅममध्ये असलेली सगळी पानं) मिळवत बसणं हाही तसलाच उद्योग, शेअर झालेलं एकच पान दहा ठिकाणी मोजलं जातं, त्यासाठी पीएसएस बघा, त्यात शेअर झालेलं पान वाटून मोजतात. 4.14 पासून एसमॅप्स रोलअप आहे, प्रोसेसच्या मेमरीचा तपशील देणाऱ्या एसमॅप्स फाइलीची तयार बेरीज, मोठ्या प्रोसेससाठी अख्खी एसमॅप्स वाचण्यापेक्षा लय हलकं.

खरा माल प्रोकमधल्या व्हीएमस्टॅट फाइलमध्ये आहे, फक्त दिसायला भयंकर, शंभरावर काउंटर आणि समजावणारं कोणी नाही. यातले बरेचसे काउंटर बूट झाल्यापासून चढत जातात त्यामुळे एकदाच वाचून काही कळत नाही, दोनदा वाचून फरक काढायचा (त्याच नावाच्या कमांडची पहिली ओळ पण बूटपासूनची सरासरी असते, ती सोडून द्या). माझी नजर आधी पीजीस्कॅन केस्वॅपडी आणि पीजीस्कॅन डायरेक्ट या दोघांवर जाते, मोकळी करायला किती पानं चाळली त्याचे हे आकडे. पहिला वाढतोय तर केस्वॅपडी हा कर्नलचा सफाई कामगार मागच्या मागे झाडलोट करतोय, चालू दे. दुसरा पळायला लागला की समजायचं मेमरी मागणाऱ्या प्रोसेसलाच हातातलं काम टाकून पानं मोकळी करायला लागतायत, आणि युजर स्लो स्लो म्हणून ओरडतो ते तेव्हा. सोबत वर्किंगसेट रिफॉल्ट पण चढत असेल, म्हणजे आत्ताच हाकललेली पानं लगेच परत मागवली जातायत, तर मात्र रॅम खरंच कमी आहे, आता टाका तिकीट. एक बारीक गोष्ट, यातले काही काउंटर प्रत्येक सीपीयूवर वेगळे साठतात आणि मग एकत्र होतात, डिफॉल्टला साधारण सेकंदाने, त्यामुळे किंचित शिळे असतात. पण प्रत्येक ॲलोकेशनला एकाच जागी सगळे सीपीयू भांडले असते तर मोजण्यातच मशीन मेलं असतं, म्हणून याबद्दल तक्रार नाही.

आणि पीएसआय, म्हणजे प्रेशर स्टॉल इन्फॉर्मेशन! 2018 च्या शेवटी 4.20 मध्ये आलं आणि माझ्या मते या सगळ्यात एवढीच एक गोष्ट माणसासाठी बनवलीय. किती एमबी भरले ते सांगत नाही, मेमरीपायी किती वेळ वाया गेला ते सांगतं. सम (some) म्हणजे निदान एक तरी टास्क अडकलं होतं, फुल (full) म्हणजे काम असलेली सगळीच अडकली होती, आणि 10, 60 आणि 300 सेकंदांची सरासरी टक्क्यांत तयार मिळते. फुल शून्याच्या वर रेंगाळत असेल तर ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) येण्याची वाट बघू नका. काही ठिकाणी ते कंपाइल असून बंद ठेवलेलं असतं, तेव्हा बूट पॅरामीटरमध्ये psi=1 असं द्यावं लागतं.

लंगडी बाजू म्हणजे कर्नलच्या आतली गळती, म्हणजे घेतलेली मेमरी परतच न करणं. स्लॅब (कर्नल स्वतःच्या छोट्या वस्तूंसाठी ठेवतो ती मेमरी) वाढतोय हे मेमइन्फो सांगतं, स्लॅबटॉप कमांड त्यातला कुठला कॅश ते सांगतं, तेही रूट असाल तर, पण कोणत्या कोडने घेतली ते नाही. 6.10 मध्ये ॲलोकइन्फो आलंय, त्यात फाइल आणि ओळ नंबरासकट दिसतं, पण कर्नल तो ऑप्शन चालू करून बनवलेला पाहिजे. जुन्या कर्नलवर असाल तर स्लॅबटॉपवरच दिवस काढा.