मुरुमांच्या केलॉइडवर क्रायोथेरपी: सहा महिने, सहा सिटिंग

चेहऱ्यावरच्या साध्या मुरुमांसाठी क्रायो, म्हणजे अतिथंड द्रवाने गोठवायचा उपचार, करायचं मनात असेल, तर आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर ते नकोच. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी उणे ५ अंशांच्या आसपासच मरू लागतात, इतर पेशींना उणे २० ते ३० लागतं. मुरूम बसेल, पण जागेवर पांढरा डाग राहील आणि तो लांबूनही दिसेल. छाती-खांद्यावर मुरूम बरा झाल्यावर जी टणक, खाजरी गाठ मागे उरते, म्हणजे केलॉइड, तिथे मात्र हा उपचार पैसे वसूल करतो.

वापरतात तो द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंशांचा. गुरांच्या दवाखान्यात रेतमात्रा ठेवतात तोच. तो सारखा उडून जातो, म्हणून बरेच डॉक्टर क्रायोसाठी आठवड्यातला एकच वार ठेवतात. तारीख चुकवू नका. दोन सिटिंगमध्ये तीन-चार आठवडेच हवेत.

क्रायोगनचं, म्हणजे हा द्रव फवारणाऱ्या उपकरणाचं, टोक गाठीपासून सेंटिमीटरभर लांब धरतात. गाठ पांढरीफटक होते, बोट लावलं तर गारगोटीसारखी लागते. पांढरेपणा कडेबाहेर एक-दोन मिलिमीटर गेला की थांबायचं. साधारण १० ते २० सेकंद. मग ती आपोआप, पूर्ण वितळू द्यायची आणि त्यानंतरच दुसरी फेरी. इथे घाई झाली तर परिणाम कमी होतो, कारण पेशी फुटतात त्या झटपट गोठून सावकाश वितळताना.

खरी करामत पुढची. दहा-पंधरा मिनिटांनी गाठ सुजून मऊ पडते आणि तेव्हा तिच्यात ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. न गोठवता दिलं तर टणक गाठीत दट्ट्या पुढे सरकता सरकत नाही, कधी औषध सुईच्या कडेने बाहेर येतं. नुसतं इंजेक्शन घेऊन 'गुण आला नाही' म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांचं इथेच बिनसलेलं असतं.

त्या रात्री ठणका लागतो, पॅरासिटॅमॉलने भागतं. दुसऱ्या दिवशी पाण्याचा फोड येतो, कधी लालसर रक्ताळ पाण्याचा. घाबरू नका, फोडूही नका. फार ताणला तर डॉक्टर निर्जंतुक सुईने पाणी काढतात, वरचं कातडं तसंच ठेवतात. खपली पडायला दोन-तीन आठवडे. तोवर साधं पेट्रोलियम जेली, आणि बॅगेचा पट्टा त्या खांद्यावर अजिबात नाही. खपली घासून निघाली की जखम चिघळते.

खाज सगळ्यात आधी जाते, दुसऱ्या-तिसऱ्या सिटिंगपर्यंत. उंची त्यानंतर उतरते. जाड, जुन्या गाठी पूर्ण सपाट होत नाहीत. मधे फिकट आणि कडेला काळसर वलय उरतं, ते भरायला महिने लागतात, कधी पूर्ण भरतही नाही. दाढीच्या भागात केस परत न येण्याची शक्यता धरून चाला.

गारठ्याने अंगावर गांध्या उठत असतील किंवा बोटं पांढरी-निळी पडत असतील, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. आणि छातीवर नवे मुरूम येतच असतील तर आधी त्यांची औषधं सुरू करा, नाहीतर एक गाठ बसवेपर्यंत शेजारी दुसरी तयार होते.