मागच्या ब्रेकचा पिस्टन फिरवायचा संच: पैसे वसूल

नवे ब्रेक पॅड बसवताना कॅलिपरमधला (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातला) पिस्टन आत ढकलावा लागतो. मागच्या कॅलिपरलाच हँडब्रेकची केबल असेल, तर तो सी-क्लॅम्पने (स्क्रूच्या शिकंज्याने) आत जात नाही. बळजबरी केली की आतली यंत्रणाच मोडते. तो दाबत दाबत फिरवावा लागतो आणि त्यासाठी हा संच उत्तम. संचातल्या चकतीच्या दोन खुंट्या पिस्टनच्या खाचांत घट्ट बसतात, घसरत नाहीत. पुढच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा, मगच सुरुवात. रबरी बूट (पिस्टनभोवतीचं आवरण) पिस्टनबरोबर पिळवटतोय का, हे दर वेढ्याला बघा; फाटला तर पाणी शिरून पिस्टन जाम होतो. पॅडच्या पाठीवरचा उंचवटा पिस्टनच्या खाचेत बसायलाच हवा, नाहीतर पॅड तिरका झिजतो. आल्टो, वॅगनआरला मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक, तिथे उपयोग नाही. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा.