माद्रिदहून टोलेडो, खासगी गाईडसोबत: काही महिन्यांनंतरचं मत

टोलेडोला खासगी गाईड घ्यावा का, हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच सविस्तर लिहून टाकते. गाईडचे पैसे पुरेपूर वसूल झाले. गाडीचे नाही.

आम्ही मे महिन्यात गेलो, मी आणि आई-बाबा. हॉटेलपासून गाडी, दिवसभर टोलेडोतलीच एक गाईड, संध्याकाळी परत सोडणं, असं पॅकेज होतं. माद्रिदपासून टोलेडो साधारण 70 किलोमीटर. आतोचा स्टेशनवरून वेगवान रेल्वे अर्ध्या तासाच्या आसपास पोचवते. आमचा तेवढा वेळ माद्रिदच्या ट्रॅफिकमध्येच गेला. वर जुन्या शहरातल्या गल्ल्या अशा की गाडी खाली ठेवून चालावंच लागतं. तिचा खरा उपयोग एकदाच झाला, नदीपलीकडच्या मिरादोर देल व्हायेला जाताना. ताहो नदीने तीन बाजूंनी वेढलेलं अख्खं गाव तिथून दिसतं. पण त्यासाठी स्टेशनवरून टॅक्सी करता येते.

आईच्या गुडघ्यांची काळजी होती. बिसाग्रा वेशीजवळून वर जायला सरकते जिने आहेत, त्यामुळे मोठा चढ वाचतो. पुढे दगडी फरसबंदी आणि चढउतार आहेतच. चांगले बूट हवेत.

आता गाईडबद्दल. आमच्या बाईंनी सुरुवात कॅथीड्रलपासून, म्हणजे इथल्या मुख्य चर्चपासून केली नाही. आधी 999 सालच्या एका छोट्या मशिदीपाशी नेलं आणि भिंतीवर विटांनीच लिहिलेला अरबी लेख दाखवला. 1085 मध्ये ख्रिश्चन राजा सहाव्या आल्फोन्सोने मुस्लिमांकडून शहर घेतलं, पुढे त्याच मशिदीला मागून चर्चचा भाग जोडला गेला. जोड कुठे आहे ते बोट ठेवून दाखवलं, म्हणून कळलं. आम्ही भारतातले म्हटल्यावर त्यांनी सांगितलं की अकराव्या शतकात इथे काझी असलेल्या साईद अल-अंदलुसीने विद्येत पुढे असलेल्या लोकांमध्ये पहिला मान भारतीयांना दिला होता. बाबा त्यानंतर दिवसभर त्यांच्या शेजारूनच चालत होते.

सांता मारिया ला ब्लांकामध्ये तर गाईड नसती तर पाच मिनिटांत बाहेर पडलो असतो. पांढऱ्या कमानींची रांग, मशिदीसारखी. बांधलं ज्यूंच्या प्रार्थनेसाठी, नंतर झालं चर्च. जवळचं त्रान्सितो सिनगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, चौदाव्या शतकात राजाचा खजिनदार सामुएल हा-लेवी याने बांधलं. 1492 मध्ये ज्यूंना देशाबाहेर घालवलं, हे तिथल्या भिंतींवरची हिब्रू अक्षरं बघताना ऐकणं वेगळंच असतं.

पण आमच्या घरात आजही निघतो तो विषय सांतो तोमे चर्चमधल्या, एल ग्रेको या चित्रकाराच्या चित्राचा. ओर्गासच्या सरदाराला पुरायला दोन संत स्वर्गातून उतरलेत, असं ते मोठं चित्र, 1586 ते 1588 मधलं. सरदार वारला 1323 मध्ये. ओर्गासच्या गावकऱ्यांनी या चर्चला दरवर्षी 2 मेंढे, 16 कोंबड्या, 2 बुधले वाइन, 2 ओझी लाकूड आणि 800 नाणी द्यावीत, असं तो लिहून गेला होता. पुढे गावकऱ्यांनी ते थकवलं, पाद्री कोर्टात गेला, 1569 मध्ये जिंकला आणि मग एल ग्रेकोकडून हे चित्र रंगवून घेतलं. चित्रातल्या लहान मुलाच्या खिशातल्या रुमालावर 1578 हे साल आहे. तो एल ग्रेकोचा मुलगा, हे त्याचं जन्मसाल. बाबा आलेल्या-गेलेल्याला 16 कोंबड्यांसकट ही गोष्ट सांगतात, आणि इनामाच्या भांडणांत मुरलेल्या आमच्या काकांना ती लगेच पटते.

कॅथीड्रल मात्र फार झालं. बांधकाम 1226 ते 1493, आत बघायला एवढं की डोळे थकतात. माझ्या लक्षात राहिलं ते वेदीच्या मागे उजेड यावा म्हणून छताला पाडलेलं भगदाड आणि त्याभोवतीची अठराव्या शतकातली देवदूतांची गर्दी.

तक्रार एकच, पण मोठी. पोलादावर सोन्याची तार ठोकायची इथली कला बघण्यासारखी आहे. पण 'कार्यशाळा' म्हणून नेलं ते निव्वळ दुकान होतं, आणि तिथे आमचा चांगलाच वेळ गेला. गाईड बिचाऱ्या अवघडल्या होत्या. थांबा कंपनीनेच ठरवलेला. बुकिंग करतानाच 'दुकानं नकोत' असं लेखी कळवा.

वारही बघून घ्या. सोमवारी एल ग्रेको संग्रहालय आणि त्रान्सितो बंद असतं, आणि रविवारी कॅथीड्रल पर्यटकांना दुपारनंतरच उघडतं.

शाकाहारी लोकांना पिस्तो, म्हणजे टोमॅटो-वांगी-ढोबळी मिरचीची भाजी, सहज मिळते. वर अंडं नको हे आधी सांगावं लागतं. मासापान बदाम आणि साखरेचं, आपल्या बदाम बर्फीच्या जवळचं, पण भाजण्याआधी बऱ्याचदा वरून अंड्याचा हात फिरवलेला असतो. आईने विचारून घेतलं आणि घेतलेला डबा शेजारच्यांना दिला.

पुन्हा गेले तर रेल्वेने जाईन आणि टोलेडोतलाच परवानाधारक गाईड अर्ध्या दिवसासाठी घेईन. चालायला अगदीच जमत नसेल, किंवा सोबत व्हीलचेअर असेल, तर मात्र गाडीचं पॅकेज घ्या.