कोल्हापूरहून पार्सल पाठवायचंय: विमान, ट्रक, पोस्ट की रात्रीची बस?

चपलांचा एक जोड पुण्याला जायचाय, एक गुवाहाटीला आणि एक गडचिरोलीतल्या एटापल्लीला. तिन्हींना एकच कुरिअर लावलंत, तर एका ठिकाणी तरी पैसे जास्त जातील किंवा माल उशिरा पोचेल. छोट्या विक्रेत्यांची नेहमीची चूक हीच: ते कंपनी निवडतात, वाट निवडत नाहीत. पार्सल वाटेत किती वेळा उतरतं, किती वेळा चढतं आणि पुढच्या गाडीसाठी किती तास पडून राहतं, यावर दरही ठरतो आणि दिवसही. म्हणून पर्यायांची तुलना करण्याआधी ही वाट नीट समजून घेऊ.

पार्सल चालतं कमी, थांबतं जास्त

शंभर गावं आहेत आणि प्रत्येक गावाहून उरलेल्या प्रत्येक गावाला थेट गाडी सोडायची, तर ९,९०० फेऱ्या लागतात. मधे एक हब ठेवलं, सगळ्यांनी माल तिथे आणला आणि तिथून आपापला उचलला, की तेच काम २०० फेऱ्यांत होतं. फेडरल एक्सप्रेस या कुरिअर कंपनीने १७ एप्रिल १९७३ च्या रात्री अमेरिकेतल्या मेम्फिसहून याच तत्त्वावर सुरुवात केली, १४ छोटी विमानं, २५ शहरं आणि एकूण १८६ पाकिटं घेऊन. शेजारच्या शहराला जाणारं पाकीटही आधी मेम्फिसला जायचं. ऐकायला हा द्राविडी प्राणायाम वाटतो, पण गाड्या आणि विमानं भरून धावतात ती यामुळेच, आणि दर परवडतात तेही यामुळेच.

कोल्हापूरहून पुण्याचं उदाहरण घ्या. संध्याकाळी पिकअप. स्थानिक केंद्रावर स्कॅन, वजन, मग दिशेनुसार मोठ्या बॅगेत. बॅगेला सील आणि तिचा स्वतःचा बारकोड, म्हणजे पुढे पन्नास पार्सलांऐवजी एकच बॅग स्कॅन करावी लागते. रात्रीची गाडी पुण्याच्या हबला. तिथे बॅग उघडतात, पार्सलं सरकत्या पट्ट्यावर चढतात, पिनकोडप्रमाणे वेगळी होतात, पहाटे छोट्या गाडीने त्या त्या भागातल्या डिलिव्हरी केंद्रावर, आणि मग डिलिव्हरी बॉयच्या पाठीवर. अंतर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, गाडी चालते पाच-सहा तास. बाकीचा सगळा वेळ थांबण्यात जातो.

म्हणून कुठल्याही कंपनीच्या माणसाला पहिला प्रश्न दराचा विचारू नका. विचारा, ‘तुमची इथली रात्रीची गाडी किती वाजता सुटते, आणि त्या गाडीसाठी माझं पार्सल किती वाजेपर्यंत तयार हवं?’ पिकअपचा मुलगा पाचला येऊन गेला आणि तुमचं पॅकिंग साडेपाचला झालं, तर अर्ध्या तासाच्या उशिरापायी अख्खा दिवस जातो. एका कंपनीचा पिकअप चारला आणि दुसरीचा सातला असेल, तर ऑर्डरी बहुतेक दुपारनंतर येणाऱ्या दुकानाला दुसरी कंपनी थोडी महाग पडली तरी फायद्याची.

विमान: लांबच्या गावाला घ्या, जवळच्याला नाही

ब्लू डार्टसारख्या एक्सप्रेस कंपनीकडे स्वतःची मालवाहू विमानं आहेत. बाकीच्या बऱ्याच कंपन्या प्रवासी विमानाच्या पोटातली जागा विकत घेतात. कोल्हापूरच्या पार्सलाला दोन्ही प्रकारांत बहुधा आधी ट्रकने मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं.

गुवाहाटीसाठी हे पैसे वसूल होतात. रस्त्याने अडीच हजारांहून जास्त किलोमीटर आणि मधे तीन-चार हब, म्हणजे आठवडा सहज. विमानाने साधारण तीन दिवस. पण पुणे, सातारा, बेळगाव, मुंबईसाठी एअरचा दर भरलात तरी पार्सल ट्रकनेच जातं. तिथे तुम्ही फक्त हबमध्ये आधी नंबर लागावा याचे पैसे देत असता. कधी कधी त्याचीही गरज असते, उदाहरणार्थ लग्नाची तारीख ठरलेली असेल तर. रोजच्या ऑर्डरींसाठी नाही.

विमानाची एक अडचण पुष्कळांना माल अडकल्यावरच कळते. ज्वलनशील द्रव, स्प्रे, परफ्यूम, पॉवर बँक अशा वस्तू एक्स-रेमध्ये दिसल्या की पार्सल विमानातून बाजूला काढतात. चपलेसोबत प्रेमाने टाकलेली पॉलिशची छोटी बाटलीही यात येऊ शकते. मग ते पार्सल एक तर परत येतं, नाहीतर ट्रकने जातं आणि विमानाचे पैसे भरून ट्रकचे दिवस लागतात. बाटली द्यायचीच असेल तर ते पार्सल पहिल्यापासून सरफेसने, म्हणजे रस्त्याने पाठवा.

वजन: अर्धा सेंटीमीटर किती महाग पडतो

सगळ्यात जास्त पैसा इथे गळतो, म्हणून जरा सविस्तर.

गाडीत आणि विमानात जागा आधी संपते, वजनाची मर्यादा नंतर येते. म्हणून कंपनी दोन वजनं बघते, काट्यावरचं आणि आकारमानाचं, आणि जे जास्त भरेल त्याचा दर लावते. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी × रुंदी × उंची, सेंटीमीटरमध्ये, भागिले बहुधा ५०००. दर बहुतेक ठिकाणी अर्ध्या किलोच्या टप्प्याने चढतात.

कोल्हापुरी चपलांचा जोड खोक्यासकट ९०० ग्रॅम भरला असं धरू. बाजारात मिळणाऱ्या बुटाच्या खोक्यात तो घातला, समजा ३३ × २० × १२, तर गुणाकार येतो ७,९२० आणि वजन १.५८ किलो. बिल दोन किलोचं. पण कोल्हापुरी चप्पल सपाट असते. दोन्ही पायांच्या चपला उलटसुलट शेजारी ठेवल्या की ३० × २२ × ७.५ च्या खोक्यात बसतात. गुणाकार ४,९५०, वजन ०.९९ किलो, बिल एका किलोचं. तोच जोड, तेवढाच माल, आणि बिलाचे दोन टप्पे वाचले.

आता यातली मेख. हबमध्ये खोका कॅमेऱ्याखालून जातो आणि यंत्र सगळ्यात बाहेर आलेला बिंदू धरतं. आत कागद ठासून भरल्यामुळे झाकण अर्धा सेंटीमीटर फुगलं, की उंची ८, वजन १.०६ आणि बिल दीड किलोचं. फरक महिनाअखेरच्या बिलात कळतो, तेव्हा खोका ग्राहकाकडे पोचून फाटलेलाही असतो. म्हणून माप बाहेरून घ्या, पुठ्ठ्याची जाडी त्यात धरा, आणि खोका ७ सेंटीमीटर उंचीचाच बनवून घ्या. वजन येतं ०.९२, म्हणजे थोडं फुगलं तरी चालेल. टेप लावल्यावर मोजपट्टी आणि लेबल दोन्ही दिसतील असा फोटो काढून ठेवा. वजनाच्या वादात तोच उपयोगी पडतो.

आणखी एक: भाजक सगळीकडे ५००० नसतो. मोठ्या मालाच्या ट्रक सेवेत तो बऱ्याचदा लहान असतो, म्हणजे हिशेबी वजन वाढतं. करारात भाजक लिहून घ्या. दोन कंपन्यांचे दर शेजारी ठेवताना मूळ दर, इंधन अधिभार, कॅश ऑन डिलिव्हरीचा आकार आणि १८ टक्के जीएसटी असे चारही आकडे धरा. नुसता मूळ दर बघून निवडलेलं कुरिअर शेवटी स्वस्त पडेलच असं नाही.

सरफेस कुरिअर: रोजच्या ऑर्डरींचा मुख्य रस्ता

डेल्हिव्हरीसारख्या (Delhivery) कंपन्यांचं जाळं ई-कॉमर्ससाठीच उभं राहिलं. पिकअप दारात, ट्रॅकिंग चांगलं, पैसे गोळा करून देण्याची सोय, शहरात डिलिव्हरी भरवशाची. महाराष्ट्रातल्या आणि शेजारच्या राज्यांतल्या शहरांसाठी बहुतेक विक्रेत्यांनी हाच पर्याय आधी घ्यावा.

इथे काम बिघडतं ते यंत्रावर. पट्ट्यावरून जाताना वरचा कॅमेरा लेबल वाचतो आणि खोका योग्य घसरगुंडीवर ढकलला जातो. लेबल खोक्याच्या कडेवर दुमडलं, त्यावर चकचकीत टेप मारली, किंवा प्रिंट पुसट आली, की कॅमेरा वाचत नाही आणि पार्सल हाताने वर्गवारी करायच्या ढिगात जातं. दिवाळीच्या आठवड्यात त्या ढिगात एखादा दिवस सहज जातो. गोल नळी पट्ट्यावरून घरंगळते, तिचीही तीच गत. सगळ्यात वाईट म्हणजे जुना खोका वापरून त्यावरचं जुनं लेबल तसंच ठेवणं. यंत्राने जुना बारकोड वाचला तर पार्सल भलत्याच गावाला निघतं. जुनं लेबल खरवडून काढा, नाहीतर काळ्या मार्करने पूर्ण बुजवा.

हबमधलं यंत्र पिनकोड बघतं, पत्ता नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवीने मांडली. एकाच नावाच्या गावांचा घोळ टळावा, हा तिचा एक हेतू होता आणि तो घोळ आपल्याकडे अजून आहे. वडगाव शेरी ४११०१४, वडगाव बुद्रुक ४११०४१, दोन्ही पुण्यातच, आणि पेठवडगाव कोल्हापूरजवळ. ग्राहकाने पत्त्यात ‘वडगाव’ एवढंच लिहिलं असेल तर पाठवण्याआधी फोन करा. शेवटचे दोन आकडे उलटे पडले की पार्सल शहराच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रावर पोचतं, आणि तिथून इकडे यायला पुन्हा हबमार्गेच यावं लागतं.

पोस्ट: एटापल्लीचा खरा मार्ग

खाजगी कंपन्यांच्या यादीत पिनकोड असतो, पण ‘डिलिव्हरी क्षेत्राबाहेर’ असा शेरा त्याच्याच शेजारी असू शकतो. तसं असेल तर जादा आकार लागतो, किंवा ग्राहकाला फोन येतो, ‘तालुक्याला येऊन घेऊन जा.’ देशात दीड लाखाहून जास्त टपाल कार्यालयं आहेत आणि त्यांतली बहुतेक खेड्यांत. दुर्गम भागासाठी स्पीड पोस्टला तोड नाही, हे निःशंकपणे लिहिता येतं. पोस्टमन घर ओळखतो, आणि पत्ता अर्धवट असला तरी माणूस सापडतो.

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. ज्याच्या नावावर आहे त्याच्याच हातात द्यायची सोय आता स्पीड पोस्टवर जादा शुल्क भरून मिळते, ओटीपी घेऊन देण्याचीही. पार्सल ३५ किलोपर्यंत चालतं.

पोस्टाची कमजोरी पाठवण्याच्या टोकाला आहे. खिडकीच्या वेळा पाळाव्या लागतात, रांग असते, आणि तक्रारीचं उत्तर सावकाश येतं. रोज पाच-सात पार्सलं असतील तर खिडकीवर जाणं जमतं. रोज पन्नास असतील तर मुख्य टपाल कार्यालयात ठोक ग्राहक म्हणून करार करा आणि पिकअपबद्दल तिथेच बोला. आरएमएसची (रेल्वे टपाल सेवेची) खिडकी उशिरापर्यंत उघडी असेल तर संध्याकाळची पार्सलं तिथे टाका. वर्गवारी तिथेच होत असल्याने एक टप्पा वाचतो.

बस आणि रेल्वे

पुण्यातल्या दुकानदाराला उद्या सकाळी दहा जोड हवेत, तर रात्रीच्या खाजगी बसच्या डिकीला पर्याय नाही. हब नाही, बॅग नाही, एकदाच चढतं आणि एकदाच उतरतं. पण दारात डिलिव्हरी नाही, ट्रॅकिंग नाही, हरवलं तर हातात फक्त पावती. पावतीवर बसचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाइल लिहून घ्या आणि घेणाऱ्याला लगेच पाठवा. ओळखीच्या दुकानदारासाठी हे उत्तम, अनोळखी ग्राहकासाठी मुळीच नाही.

रेल्वे एकूण शंभर किलोच्या पुढच्या मालासाठी. थेट गाडी असेल तरच घ्या. मधे माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायचा असेल तर दिवसाचा अंदाज बांधता येत नाही, आणि पोचलेला माल वेळेत सोडवला नाही तर दंड चढतो.

रिटर्न

कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल ग्राहकाने नाकारलं की जायचं भाडं आणि यायचं भाडं, दोन्ही तुमच्या माथी. वर माल दोन-तीन आठवडे वाटेत अडकतो. चपलांमध्ये साइजवरून नकार येतोच. ऑर्डर आल्यावर पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये विचारणारा एक मेसेज पाठवला, तर कुरिअर बदलून जेवढे वाचतील त्याहून जास्त पैसे इथे वाचू शकतात. कंपन्यांची तुलना करताना परतीचा दर आणि गोळा झालेली रक्कम किती दिवसांनी खात्यात येते, हे दोन्ही विचारा. पैसे आठवड्याने मिळणं आणि तीन आठवड्यांनी मिळणं, यात छोट्या दुकानाचं भांडवल अडकतं.

ठोक मालासाठी एवढं ध्यानात असू द्या: राज्याबाहेर ५० हजारांच्या वर आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर किंमत गेली की ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी जीएसटीचा ऑनलाइन दाखला लागतो. तो नसेल तर गाडीतल्या बाकीच्या मालासकट खोळंबा होतो.

पावसाळ्यात आणखी एक खबरदारी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. तेव्हा विमान, सरफेस, पोस्ट असा फरक उरत नाही, कारण पुण्या-मुंबईकडे जायचा मुख्य रस्ता सगळ्यांचा एकच. जुलै-ऑगस्टमध्ये ग्राहकाला तारखेचं वचन देऊ नका.

ठरवण्याआधी एक चाचणी

ज्या तीन-चार गावांना तुमचा माल सगळ्यात जास्त जातो, तिथे एकाच दिवशी, एकाच आकाराचे खोके दोन कंपन्यांमार्फत आणि एक स्पीड पोस्टने पाठवा. ट्रॅकिंगमधल्या चार वेळा वहीत लिहा: पहिला स्कॅन, कोल्हापूरहून गाडी सुटली ती वेळ, शेवटच्या केंद्रावर पोचल्याची, आणि हातात पडल्याची. पहिल्या दोन वेळांत वीस तासांचं अंतर असेल तर दोष तुमच्या पिकअपच्या वेळेत आहे. कंपनी न बदलता वेळ बदलून बघा. शेवटच्या दोन वेळांत दोन दिवस गेले असतील तर त्या गावातलं डिलिव्हरी केंद्र कमकुवत आहे, तेवढ्या पिनकोडपुरती कंपनी बदला. आणि ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा दिसला की त्याच दिवशी ग्राहकाला विचारा, खरंच कुणी आलं होतं का, फोन तरी आला होता का.