एआय इंग्रजी ट्यूटर, सात महिन्यांनंतर: लिखाण सुधारलं, ‘व’ राहिला

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीसाठी नाशिकमध्ये असताना हे ॲप घेतलं, आता इंग्लंडमध्ये लीड्सला एमएस्सी करताना वापरतोय. वर्षाची वर्गणी सहा हजार एकदम भरली. बाबांच्या द्राक्षविक्रीच्या पट्टीतले पैसे, म्हणून सविस्तर लिहितोय.

लिखाणासाठी ते उत्तम आहे. परीक्षेतल्या टास्क २ चा किमान २५० शब्दांचा निबंध क्लासमधून तपासून यायला आठवडा लागायचा, इथे मिनिट लागतं. तिसऱ्या आठवड्यात त्यानं सांगितलं, ‘तू सारखं टुडे ओन्ली लिहितोस, कारण आजच मधला च इंग्रजीत आणतोस.’ इतकी वर्षं इंग्रजी शिकलो, हे कुणी दाखवलं नव्हतं. मराठीत इंग्रजीतल्या ‘द’सारखं (the) उपपद नाही, म्हणून त्यावरचे धडे त्यानं माझ्याच विषयातून, द्राक्षशेतीतून, बनवले: खरड छाटणी, फवारणी, काढणी. (इथली, यॉर्कशायरमधली, जुनी माणसं तोच ‘द’ अर्धा गिळतात, ते ऐकून सुरुवातीला गोंधळलो.) तोवर मी पाच तारे दिले असते.

मार्चमध्ये द्राक्षवेलीवरच्या केवडा रोगावर प्रेझेंटेशन दिलं. संपल्यावर मॅडमनी शांतपणे विचारलं, ‘तुम्ही वेलीबद्दल बोलत होतात की दारूबद्दल?’ इंग्रजीतले हे दोन शब्द, vine आणि wine, मराठीत ‘व्हाइन’ आणि ‘वाइन’ असे वेगळे लिहितात, पण माझ्या तोंडून एकच निघत होता. वेलीच्या शब्दात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दारूच्या शब्दात ओठांचा चंबू होतो. आपला ‘व’ या दोन्हींच्या मधला. ॲपनं मात्र मला बोलण्यात नऊपैकी ८ बँड (परीक्षेचे गुण) दिले होते!

त्या रात्री मुद्दाम चुकीचा उच्चार करून तीस वाक्यं बोललो. तिसाच्या तीस वेळा पडद्यावर बरोबर शब्द उमटला. हे ॲप आवाजाचं आधी लिखाण करतं, मग ते लिखाण तपासतं. वाक्यात द्राक्षं, पानं, बुरशी आली की वेलच असणार हे ते ताडतं. माझी चूक तपासणीपर्यंत पोचतच नाही. परीक्षक माणूस असतो, त्याला ती ऐकू येते. मग हे आठ बँड कशाचे? कस्टमर केअरकडून तीनदा तेच छापील उत्तर आलं, आणि सात दिवसांची मुदत संपल्यामुळे पैसे परत नाहीत.

रागात दोन तारे लिहून ठेवले होते, ते आता साडेतीन करतोय. वाक्याऐवजी सुटा शब्द बोललो की संदर्भ नसतो, मग ते अडखळतं आणि चूक दिसते. vine-wine सारख्या शब्दांच्या जोड्या मागितल्या, तर त्याही काढून दिल्या, अगदी नेमक्या. पण ऐकायला माणूसच हवा. व्हिएतनामची रूममेट माझ्याकडे पाठ करून बसते, मी आरशात ओठ बघत बोलतो, ती कुठला शब्द ऐकला ते लिहिते. पहिल्या दिवशी वीसपैकी नऊ जुळले, काल सतरा.

घ्यायचं असेल तर एका महिन्याचं घ्या, वर्षाचं नको.